कॅम्परमधील लहान फ्रीज : आतल्या अन्नाचे खरे तापमान कसे मोजावे

कॅम्परमधील, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीतील, लहान फ्रीजच्या आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर ४ अंश सेल्सिअस दिसत असले, तरी आतल्या दुधाचे तापमान ४ अंश आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. तो आकडा देणारा सेन्सर बहुधा थंड होणाऱ्या पत्र्याला किंवा आतल्या भिंतीला चिकटवलेला असतो, आणि कॉम्प्रेसर कधी सुरू करायचा व कधी बंद करायचा एवढेच ठरवण्याचे काम त्याच्याकडे असते. त्यामुळे एकाच वेळी भिंतीला टेकलेली कोथिंबीर गोठते आणि दुसऱ्या कोपऱ्यातली दुधाची पिशवी ८ अंशांवर राहते, तरी पट्टीवरचा ४ हलत नाही. घरच्या मोठ्या फ्रीजमध्ये आतला माल भरपूर असल्याने असे फरक काहीसे झाकले जातात. ३०-४० लिटरच्या पेटीत मात्र एकदा उघडलेले झाकण किंवा आत ठेवलेली एक कोमट बाटलीही सगळे गणित बदलू शकते. म्हणून मोजायचे ते अन्नाचे तापमान, आणि तेही फ्रीजमधल्या सर्वांत वाईट जागी, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी. या लेखातील सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

मर्यादा कोणती धरावी

भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत थंड ठेवायचे शिजवलेले अन्न ५ अंश किंवा त्याहून खाली आणि गरम ठेवायचे अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे असे सांगितले आहे, तर अमेरिकेतील सरकारी सल्ल्यात फ्रीजसाठी सुमारे ४ अंशांची मर्यादा आहे. कॅम्परमध्ये तापमान सतत हलत असल्याने मी अन्नासाठी १ ते ४ अंश हे लक्ष्य आणि ५ अंश ही न ओलांडण्याची रेषा मानतो. उबदार, ओलसर अन्नात काही जिवाणू दर वीस मिनिटांना दुप्पट होऊ शकतात. ५ अंशांखाली हा वेग फार मंदावतो, पण तो शून्य होत नाही, कारण लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो.

फ्रीजमधल्या प्रत्येक वस्तूची काळजी करण्याचे कारण नाही. लोणचे, तूप, अख्ख्या भाज्या आणि न उघडलेले टेट्रापॅकचे दूध थोडे उबदार झाले तरी बिघडत नाही. खरे लक्ष पिशवीतले दूध, पनीर, शिजवलेला भात, ओल्या खोबऱ्याचे वाटण, चिकन आणि मासळी यांच्याकडे हवे. भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात, आणि भात कोमट राहिला तर त्यांच्यापासून तयार होणारे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत थंडी कमी पडली की हिस्टामाइन हे अपायकारक रसायन तयार होते आणि तेही तळल्या-शिजवल्याने जात नाही. मालवण किंवा हर्णैच्या बाजारातून सकाळी मासळी घेऊन ती रात्रीच्या मुक्कामापर्यंत नेणाऱ्याने तापमान पाहण्यात कसूर करू नये, ती याच कारणासाठी.

आधी फ्रीजचा प्रकार ओळखावा

सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायच्या स्वस्त पेट्या बहुधा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेने थंड होणाऱ्या, असतात. बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० अंश खाली जाणे एवढीच त्यांची क्षमता असते. गाडीत ३८ अंश असतील तर पेटीत १८ अंश राहणार, आणि थर्मामीटर कितीही अचूक असला तरी तेथे दूध टिकणार नाही. अशी पेटी पाणी आणि सरबतापुरती वापरावी.

गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रीज हा अ‍ॅबसॉर्प्शन प्रकारचा असतो. त्यातील अमोनिया व पाण्याचे चक्र उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालते, त्यामुळे गाडी बऱ्यापैकी समतल उभी असावी लागते आणि मागच्या जाळ्यांतून हवा मोकळी खेळावी लागते. दुपारच्या उन्हात त्याचे तापमान बरेच चढते, म्हणून त्यावर सर्वाधिक लक्ष ठेवावे लागते.

१२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज आपल्याकडच्या उन्हाळ्याला सर्वांत योग्य. तरीही त्यावरील लेबलावर हवामान-वर्ग पाहून घ्यावा : 'एन' म्हणजे भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत आणि 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून त्याहूनही तापते. अशा ठिकाणी 'टी' वर्गाचा फ्रीजही त्याच्या ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर काम करत असतो.

साधने कोणती घ्यावीत

किमान तीन साधने लागतात. पहिली दोन म्हणजे वायरच्या टोकाला प्रोब (तापमान ओळखणारे टोक) आणि बाहेर आकड्यांचा पडदा असलेली, किमान व कमाल तापमान लक्षात ठेवणारी डिजिटल थर्मामीटरे. किमान-कमाल स्मृती नसेल तर ते साधन या कामाला अपुरे आहे, कारण जे बिघडते ते बहुधा आपण झोपेत असताना किंवा गाडीपासून दूर असताना बिघडते. अगदी स्वस्त मापकांत १ अंशाची चूक सहज असते. इलेक्ट्रॉनिक्सची थोडी आवड असलेल्यांनी स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० सेन्सर वापरावा. उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते आणि एकाच वायरीवर असे अनेक सेन्सर जोडता येतात.

तिसरे साधन म्हणजे बारीक सुईचा, अन्नात खुपसायचा थर्मामीटर. त्याची जागा दुसरे कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

लांबून रोखायची इन्फ्रारेड 'गन' मात्र या कामासाठी घेऊ नये. ती फक्त पृष्ठभागाचे तापमान वाचते, आणि आपल्या स्वयंपाकातले चकचकीत स्टीलचे डबे स्वतःची उष्णता फारशी उत्सर्जित न करता समोरच्या वस्तूंची परावर्तित करतात, त्यामुळे आकडा भलताच येतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या कपाळ मोजण्याच्या गन तर शरीराच्या तापमानाच्या टप्प्यापुरत्याच केलेल्या असतात.

वायरलेस सेन्सर घ्यायचा असल्यास आधी तो बंद फ्रीजमध्ये ठेवून पाहावा. धातूच्या अस्तरामुळे ब्लूटूथचा संदेश अडतो. प्रोब आत आणि प्रसारक बाहेर अशी रचना असलेली उपकरणे त्यामानाने भरवशाची ठरतात.

बर्फाच्या पाण्यात पडताळणी

नवा असो वा जुना, पडताळणी न केलेल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नये. त्यासाठी थर्मासमध्ये किंवा जाड भिंतीच्या पेल्यात बारीक चुरलेला बर्फ तळापर्यंत गच्च भरावा आणि चुऱ्यातल्या फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे. बर्फ वर तरंगून खाली नुसते पाणी उरले असेल तर पाणी जास्त झाले आहे, ते ओतून टाकावे. मीठ चुकूनही मिसळू नये. सगळे प्रोब एकत्र बांधून मध्यभागी बुडवावेत, ते तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नयेत. अधूनमधून ढवळत राहावे आणि आकडे स्थिर झाल्यावर, म्हणजे काही मिनिटांनी, नोंद करावी.

वितळणाऱ्या बर्फाचे तापमान ० अंश असते. एखादा मापक ०.८ दाखवत असेल तर त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने 'वजा ०.८' असे लिहून ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करावे. चूक दीड-दोन अंशांची असेल किंवा दर वेळी वेगळी येत असेल तर तो मापक बाद करावा. काही जण उकळत्या पाण्यात तपासणी करतात. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना उकळते, त्यामुळे ते गणित वाढते. शिवाय आपल्याला मोजायचे आहे ते ० ते १० अंशांच्या पट्ट्यात, म्हणून बर्फाची चाचणीच अधिक उपयोगाची आहे.

हवेऐवजी अन्न मोजणारी बाटली

फ्रीजमधली हवा कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेरीबरोबर काही अंश वर-खाली होते आणि झाकण उघडताच क्षणात तापते. अन्न मात्र सावकाश बदलते. मोकळा लटकवलेला प्रोब ९ अंश दाखवत असताना शेजारचे पनीर ३.५ अंशांवर असू शकते. उलट, झाकण बंद केल्यावर हवा लगेच थंड होते आणि तासभर उबदार झालेले अन्न त्या आकड्याआड लपून जाते. दुसरी चूक अधिक धोक्याची आहे.

यावर उपाय म्हणजे प्रोबला द्रवात ठेवणे. लसींच्या साठवणुकीत हीच पद्धत वापरतात. घरगुती वापरासाठी औषधाची ५० मिलिलिटरची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली घ्यावी. औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून ती भरावी, वर थोडी मोकळी जागा सोडावी, झाकणाला छिद्र पाडून प्रोब मध्यापर्यंत सोडावा आणि फट एम-सीलने बंद करावी. नुसते पाणी वापरले तर ते भिंतीजवळ गोठू लागते, आणि गोठत असेपर्यंत ० अंशांवरच अडकून राहते, त्यामुळे खरी थंडी किती हे कळत नाही. ग्लिसरीन मिसळल्यावर तो प्रश्न उरत नाही. गाडीच्या रेडिएटरचे कूलंट मात्र अन्नाजवळ कधीही आणू नये, त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

बाटली आकाराने लहान असल्यामुळे ती अर्धा लिटर दुधापेक्षा लवकर तापते. म्हणजे थंडी गेली तर ती आपल्याला आधी सावध करते, हे चांगलेच. पण याच गुणाची दुसरी बाजू विसरू नये : नुकत्याच ठेवलेल्या कोमट अन्नाबद्दल ही बाटली काहीही सांगत नाही. ती ४ अंशांवर असताना तासापूर्वी ठेवलेली आमटी २० अंशांवर असू शकते. नव्या वस्तूसाठी सुईचा थर्मामीटरच हवा. आमटी-भाजीत तो मध्यभागी खुपसावा आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर गरम पाणी व साबणाने धुवावा. दुधाची पिशवी फोडण्याची गरज नाही. दोन पिशव्यांमध्ये सुई घट्ट दाबून धरली, किंवा एकच पिशवी सुईभोवती दुमडली, की आकडा स्थिर झाल्यावर दुधाचे तापमान पुरेशा अचूकतेने कळते.

बाटल्या कोठे ठेवाव्यात

अशा दोन बाटल्या कराव्यात, एक सर्वांत उबदार जागेसाठी आणि दुसरी सर्वांत थंड जागेसाठी. वरून उघडणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पेटीत उबदार जागा म्हणजे बहुधा कॉम्प्रेसरवरचा उंचवट्याचा लहान कप्पा किंवा झाकणाखालचा वरचा थर, आणि थंड जागा म्हणजे तळाजवळची भिंत. उभ्या फ्रीजमध्ये दाराचे कप्पे सर्वांत उबदार असतात आणि थंड पात्यांच्या लगतची जागा सर्वांत गार. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की प्रत्येक फ्रीजची ठेवण वेगळी असते. पहिल्या दिवशी बाटल्या तीन-चार ठिकाणी फिरवून आपल्या फ्रीजचा नकाशा स्वतः तयार करावा. बाटली नव्या जागी स्थिरावायला काही तास लागतात, तेव्हा घाईने आकडा वाचू नये.

थंड टोकाची बाटली अनावश्यक वाटण्याची शक्यता आहे. पण कोणाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल तर तीच अधिक महत्त्वाची ठरते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. ते भिंतीला टेकू नये म्हणून डब्यात घालून मध्यावर ठेवावे.

वायर दाराच्या रबराखालून काढताना चपटी वायर वापरावी आणि ती कोपऱ्याऐवजी सरळ भागातून न्यावी. काही पेट्यांना तळाशी पाणी काढण्याचे बूच असते, त्यातून वायर काढता आली तर उत्तमच. नंतर कागदाची पट्टी रबरात अडकवून झाकण लावावे आणि ती ओढून पाहावी. वायरीजवळ पट्टी सहज निसटत असेल तर तेथून गार हवा गळते आहे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याच फटीतून आत आलेल्या दमट हवेचे हिम भिंतीवर साचते. हिमाचा थर ४-५ मिलिमीटर झाला की फ्रीज बंद करून तो काढून टाकावा, कारण जाड हिम थंडी आत पोहोचू देत नाही.

चोवीस तासांची चाचणी

प्रवासाला निघण्यापूर्वी घरासमोर गाडी उभी असतानाच ही चाचणी करावी. फ्रीजमध्ये नेहमीइतका माल किंवा तेवढ्या पाण्याच्या बाटल्या भरून तो रात्रभर चालू ठेवावा. सकाळी दोन्ही मापकांची स्मृती पुसावी आणि पुढचे २४ तास प्रवासात जसे उघडतो तसेच झाकण उघडत राहावे. शेवटी चार आकडे हाती येतात : उबदार बाटलीचे किमान व कमाल, आणि थंड बाटलीचे किमान व कमाल.

आता थर्मोस्टॅट लावायचा तो या आकड्यांवरून. उबदार बाटलीचे कमाल ६ आणि थंड बाटलीचे किमान २ आले असेल, तर सेटिंग दीड अंश खाली आणायला जागा आहे. पण उबदार टोक ७ वर आणि थंड टोक ० वर असेल, तर सेटिंग बदलून काहीही साधणार नाही. तेथे मालाची मांडणी बदलायला हवी. डबे भिंतीपासून बोटभर दूर ठेवावेत, मध्ये हवेला वाट सोडावी, आणि शक्य असल्यास आत लहान पंखा बसवावा. कमी व्होल्टेजवर चालणारा संगणकाचा पंखा त्यासाठी पुरतो. मांडणी बदलल्यावर चाचणी पुन्हा करावी.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट मोजून ठेवावी. भरलेला फ्रीज बंद करून, झाकण न उघडता, उबदार बाटली ३ अंशांवरून ५ अंशांवर जायला किती वेळ लागतो ते पाहावे. वीज गेल्यास किंवा बॅटरी संपल्यास हातात किती अवधी आहे, हे त्यातून कळते. घरच्या फ्रीजसाठी सांगितला जाणारा चार तासांचा अंदाज एवढ्या लहान पेटीला लागू होईलच असे नाही.

आत काय आणि कसे ठेवावे

लहान फ्रीजची थंड करण्याची ताकद फार कमी असते. समजा ती ४० वॅट आहे. ३५ अंशांवरची एक लिटर आमटी ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे कॉम्प्रेसरची सगळी ताकद जवळपास ५३ मिनिटे केवळ त्या आमटीवर खर्च होते, आणि भिंतींतून आत येणारी उष्णता वेगळी. प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो आणि तोवर शेजारचे दूध तापते. म्हणून माल घरच्या फ्रीजमध्ये आधी थंड करूनच गाडीत भरावा. मुक्कामावर शिजवलेले अन्न उथळ स्टीलच्या डब्यांत पसरून, डबे पाण्याच्या परातीत ठेवून आधी निववावे आणि मगच आत ठेवावे, पण निववण्याच्या नावाखाली ते तासन्‌तास बाहेर राहू देऊ नये.

रोजची नोंद

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहिले जाते. कॅम्परमध्येही दिवसातून दोन नोंदी पुरतात, फक्त वेळा विचार करून निवडाव्यात : पहाटे, झाकण पहिल्यांदा उघडण्यापूर्वी, आणि दुपारी ३ ते ४ च्या दरम्यान. वहीत वेळ, दोन्ही बाटल्यांचे किमान-कमाल, गाडीतले तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज लिहावे आणि मग स्मृती पुसावी.

व्होल्टेजचा रकाना गाळू नये, कारण दोष कोठे आहे हे तोच सांगतो. दुपारी तापमान चढले आणि व्होल्टेज ठीक असेल, तर फ्रीजच्या मागे गरम हवा कोंडली आहे किंवा ऊन थेट त्या बाजूवर पडते आहे. पहाटे तापमान चढलेले आणि व्होल्टेज पडलेले असेल, तर बॅटरी वाचवणाऱ्या यंत्रणेने रात्री कॉम्प्रेसर बंद केला. बॅटरीजवळ व्होल्टेज पुरेसे असूनही फ्रीज बंद पडत असेल, तर वायर तपासावी. दीड चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन दहा मीटर भरणारी तांब्याची वायर ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट खाते, आणि तेवढ्याने फ्रीजला बॅटरी संपल्याचा भास होतो. तापमानाची पुष्कळ दुखणी थर्मोस्टॅटमध्ये नसतात, ती या वायरीत असतात.

गजराची सोय असेल तर तो उबदार बाटलीच्या प्रोबवर ५ अंशांना लावावा. हवेतल्या प्रोबवर लावलेला गजर दर वेळी झाकण उघडताच वाजतो आणि दोन दिवसांत माणूस तो बंद करून टाकतो.

रेषा ओलांडली तर

उबदार बाटली ५ अंशांच्या वर दिसली, तर आधी सुईने दूध, मासळी आणि शिजवलेले अन्न प्रत्यक्ष मोजावे. अन्न अजून ५ च्या आत असेल तर कारण शोधून दुरुस्त करावे, काही फेकायची गरज नाही. नाशवंत अन्न ५ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले असेल तर ते टाकून द्यावे. ३२ अंशांहून अधिक उष्णतेत बाहेर राहिलेल्या अन्नासाठी ही मुदत एकच तास आहे. किती वेळ गेला हे ठरवता येत नसेल, तर जास्त गेला असेच धरावे. वास घेऊन किंवा चव पाहून निर्णय करू नये, कारण आजारी पाडणारे अन्न वासाला आणि चवीला अगदी चांगले असू शकते. अन्न टाकताना जीव हळहळतो हे खरे, परंतु आडवाटेच्या मुक्कामी जवळ डॉक्टर नसताना लहान मुलाला जुलाब-उलट्या सुरू होणे याच्यापुढे अर्धा किलो सुरमईची किंमत काहीच नाही.

प्रवास संपल्यावर मापकांतील बटण-सेल काढून ठेवावेत, बाटल्यांची झाकणे पाझरत नाहीत ना ते पाहावे, आणि पुढच्या मोसमात नवे सेल घातल्यावर बर्फाची चाचणी पुन्हा करून चिकटपट्टीवरचा जुना आकडा बदलावा.